जास्वंदीचा संकर: इंदूर परिसरासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरचा सल्ला

दसऱ्यानंतर इंदूरकडे ऊन उतरते आणि जास्वंदीच्या संकराला, म्हणजे एका झाडाचा पराग दुसऱ्याच्या फुलाला लावून नवी जात काढण्याला, योग्य हवा मिळते. थंडी कडक होण्याआधी, नोव्हेंबरअखेरपर्यंत, हे काम उरकावे. एप्रिल-मेच्या उन्हात पराग निकामी होतो. दुसरी संधी फेब्रुवारीत.

मादी झाड, म्हणजे ज्यावर बी धरायचे ते, रूपावरून निवडू नका, बोंड (बियांचे फळ) धरते का ते पाहून निवडा. बहुतेकांचे वर्ष इथेच वाया जाते. बाजारातल्या मोठ्या फुलांच्या जाती अनेक पिढ्यांच्या संकरातून आल्या आहेत. त्यांच्या पेशींत गुणसूत्रांचे (आनुवंशिक गुण वाहणाऱ्या धाग्यांचे) संच जास्त आणि विषम असतात, गुणसूत्रांच्या जोड्या नीट लागत नाहीत आणि पराग किंवा बीजांडे वांझ निघतात. दुहेरी फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. तरी मादी म्हणून वांझ ठरलेले झाड नर म्हणून, म्हणजे पराग देण्यासाठी, चालू शकते, त्यामुळे प्रत्येक जोडी उलटसुलट करून पाहावी. एकेका जोडीची निदान 10 फुले घ्या. दोन-तीन फुलांवरून निर्णय देऊ नका.

फूल सहसा एकच दिवस टिकते. आदल्या संध्याकाळी मादी कळीच्या पाकळ्या अलगद चिरून चिमट्याने परागकोश (परागाच्या पिशव्या) काढावेत. सकाळी दव वाळल्यावर, नराचा पराग पिठासारखा मोकळा झाला की, तो मादीच्या पाचही कुक्षींवर (फुलातल्या दांडीच्या टोकाच्या गोल ठिपक्यांवर) टेकवावा. ओला, गोळा झालेला पराग वापरू नका. देठाला जोडीचे नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधा.

चार-पाच दिवसांत फूल देठासकट गळाले तर फलन झालेच नाही. बोंड फुगून तीन-चार आठवड्यांनी गळाले तर बहुधा आतला गर्भ मेला. पण आधी पाण्याचा ताण आणि पिठ्या ढेकूण (पांढरी, रस शोषणारी कीड) तपासा, दोष त्यांचाही असतो. ही दोन गळ वहीत वेगळी नोंदवा, पुढच्या वर्षीची जोडी त्यावरूनच ठरते.

बोंड पिकायला दोन महिने किंवा थंडीत त्याहून अधिक लागतात. ते तडकून बी सांडते, म्हणून रंग पिवळसर होताच मलमलची पिशवी बांधावी. भरीव बीच ठेवा. टरफल किंचित खरवडून, रात्रभर भिजवून, अर्धा सेंटीमीटर खोल पेरा. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) नुसते दमट हवे, चिखल झाला तर रोप बुडाशी कुजते.

रोपाला फूल यायला एक-दोन वर्षे जातात. पसंत पडलेल्या रोपाचे मूळ अनेकदा नाजूक निघते. देवपूजेची गावरान लाल जास्वंद सहसा बी देत नाही, पण तिची फांदी सहज मूळ धरते. तिच्या मूळ धरलेल्या फांदीवर, म्हणजे खुंटावर, पसंतीच्या रोपाचे कलम बांधावे.