पांढरट इन्सुलिनचं पेन घरी नीट कसं वापरायचं

नाशकात बऱ्याच घरांत आजी-आजोबांना इन्सुलिन पेनने (म्हणजे पेनासारख्या दिसणाऱ्या, सुई लावून टोचायच्या साधनाने) सून नाहीतर नातू देतो, आणि मेडिकलवाल्याला समजावून सांगायला वेळ नसतो, म्हणून लिहितेय. डोस मात्र डॉक्टर सांगतील तोच.

आधी पेन हलवायचं का ते बघा. पांढरट इन्सुलिन हळुवार हलवून मिसळावं लागतं, आणि यामागे डेन्मार्कची गोष्ट आहे, आपल्या नाशिक जिल्ह्याएवढ्या वस्तीचा देश! तिथले नोबेलवाले शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग १९२२ मध्ये कॅनडात टोरांटोला गेले, जिथे इन्सुलिनचा शोध लागला होता; त्यांची बायको मारी स्वतः डॉक्टर आणि तिलाच डायबिटीस, तिच्याच आग्रहाने ते इन्सुलिन बनवायची परवानगी घेऊन आले. मग त्यांच्यासोबतच्या डॉक्टर हागेडोर्ननी १९३६ मध्ये इन्सुलिनला माशापासून मिळणारं प्रोटामिन नावाचं प्रथिन जोडलं, त्यामुळे ते अंगात हळूहळू उतरायला लागलं आणि पेशंटच्या सुया कमी झाल्या. मला तर हे इन्सुलिनच्या शोधाइतकंच मोठं काम वाटतं. पण हे प्रोटामिनवालं पांढरट इन्सुलिन तळाशी बसतं. तसंच टोचलं तर एकदा कमी जातं, एकदा जास्त, मग शुगर वरखाली होते आणि आपण जेवणाला दोष देतो.

म्हणून पेन तळहातांमध्ये १० वेळा गोल फिरवा, मग १० वेळा वरखाली उलटसुलट करा, सगळं एकसारखं दुधाळ दिसलं पाहिजे. जोरजोरात हलवू नका. १२ युनिटपेक्षा कमी उरलं असेल तर ते नीट मिसळत नाही, नवीन घ्या. पाण्यासारखं स्वच्छ इन्सुलिन असेल तर हे काही करायचं नाही.

नवी सुई लावा, २ युनिट हवेत सोडून थेंब येतो का बघा, मग डोस लावा. बेंबीपासून दोन बोटं लांब टोचा, बटण दाबून धरून १० आकडे मोजा, मगच सुई काढा. रोज जागा बदला, नाहीतर गाठ होते आणि तिथे औषध नीट शोषलं जात नाही.

न उघडलेलं पेन फ्रिजच्या दारात, फ्रीझरमध्ये कधीच नाही, गोठलं की टाकून द्या. चालू पेन ३० डिग्रीच्या आत बाहेर चालतं, पण आपल्याकडे मे महिन्यात ते कसं जमणार? फ्रिज नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात घालून तो डबा पाण्याच्या माठात ठेवा. वणीला गडावर जाताना गाडीच्या डॅशबोर्डवर तर अजिबात ठेवू नका, आणि सुई लावलेली तशीच ठेवू नका, औषध गळतं आणि हवा शिरते.