दर सांगण्याआधी टेस्ट अकाउंट मागा

एपीआयचं (एका सॉफ्टवेअरला दुसऱ्याशी बोलायची सोय) डॉक्युमेंटेशन लिहून द्यायचं काम आलं की क्लायंट बहुधा 'पानाला किती घ्याल?' हेच आधी विचारतो. पानांवर दर ठरवू नका. टेस्ट अकाउंट आणि असेल तर ओपनएपीआयची फाइल (एपीआयचं ठरावीक साच्यातलं वर्णन) मागून घ्या, एपीआयला दोन-तीन कॉल, म्हणजे विनंत्या, स्वतः करून बघा. टोकन, म्हणजे ओळख पटवणारा कोड, मुद्दाम चुकीचं द्या. उत्तरात ४०१ ('ओळख पटली नाही' सांगणारा कोड) यायला हवा. कधीकधी चक्क २०० ('सगळं ठीक') येतो आणि खरी एरर आतल्या मेसेजमध्ये दडलेली असते. असं दिसलं की समजून जा, प्रत्येक एरर डेव्हलपरच्या मागे लागून लिहावी लागणार. वेळ दुप्पट धरा. ('कोड वाचा, सगळं कळेल' असं कुणी म्हटलं तरी त्यावर फार विसंबू नये.)

मसुदा कोण तपासणार आणि किती वेळा, हे कोटेशनमध्येच येऊ द्या. तिघांच्या परस्परविरोधी कमेंट्स आल्या तर त्यांचा मेळ घालणं क्लायंटचं काम.

लिहायचं काम वैद्यकीय शोधनिबंधाचं असेल तर श्रेयाचंही आधीच बोलून घ्या. आयसीएमजेईच्या (वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती) निकषांनुसार केवळ लेखनसाहाय्य करणारा सहलेखक ठरत नाही. त्याचा उल्लेख आभारात होतो.