रिअ‍ॅक्ट शिकताय? रतिबाच्या अ‍ॅपमध्ये मी केलेल्या या चुका टाळा

माझी काकू येळ्ळूरहून बेळगावच्या टिळकवाडीत दुधाचा रतीब घालते. तिचा सगळा हिशेब स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर. ज्या घरी दूध गेलं नाही, त्याचं नाव त्या तारखेच्या चौकटीत, तो खाडा. मी रिअ‍ॅक्ट (वेबचे पडदे बांधायची जावास्क्रिप्टची लायब्ररी) शिकायला घेतलं तेव्हा याच हिशेबाचं अ‍ॅप करायचं ठरवलं. गिऱ्हाइकांची यादी, प्रत्येकाचं एक कार्ड, त्यावर लिटर आणि खाड्याचं बटण, खाली बिल. एवढ्यात कंपोनंट (पडद्याचा एक तुकडा), प्रॉप्स (त्याला बाहेरून दिलेली माहिती), स्टेट (त्यानं स्वतः लक्षात ठेवलेली माहिती), फॉर्म सगळं येऊन जातं. आणि चुकाही.

पहिले दोन दिवस जुन्या व्हिडिओमागं गेले. क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप (नवा प्रोजेक्ट उभा करून देणारं साधन) वापरायला सांगणारं काही दिसलं तर पुढं सरका. ते 2025 च्या फेब्रुवारीत रिअ‍ॅक्टच्याच टीमनं निवृत्त केलं. शिकायला त्याच कामाचं व्हीट (Vite) पुरे. साध्या फंक्शनमध्ये स्टेट वापरू देणारे हुक्स (यूज-स्टेट वगैरे) 2019 मध्ये आले, त्यामुळं क्लासनं सुरुवात करणारे धडेही सध्या बाजूला ठेवा.

सगळ्यात जास्त छळलं ते 'की'नं (key), म्हणजे यादीतल्या प्रत्येक कार्डाच्या ओळखखुणेनं. मॅप (प्रत्येक नावाचं कार्ड बनवणारं फंक्शन) वापरून यादी दाखवली की ब्राउझरच्या कन्सोलमध्ये लाल इशारा येतो: प्रत्येकाला वेगळी की द्या. मी इंडेक्स (यादीतला क्रमांक, 0 पासून) दिला, इशारा गेला, मी खूश. खाड्यांचा आकडा प्रत्येक कार्डाच्या स्वतःच्या स्टेटमध्ये होता. एका गिऱ्हाइकानं रतीब बंद केला म्हणून यादीतलं तिसरं नाव काढलं, तर त्याचे चार खाडे चौथ्याच्या नावावर! रिअ‍ॅक्ट कार्ड ओळखतं ते कीवरून. तिसरं नाव गेलं तरी 2 नंबरची की जागेवरच राहिली, फक्त आता तिथं दुसरा माणूस आला. रिअ‍ॅक्टच्या लेखी नाहीसं झालं ते शेवटचं कार्ड. गिऱ्हाईक यादीत घालतानाच त्याला कायमचा आयडी द्या आणि तोच की म्हणून वापरा. मॅपच्या आत रँडम आकडा बनवू नका. दर रेंडरला (पडदा पुन्हा काढला जातो तेव्हा) सगळी कार्डं नव्यानं जन्माला येतात आणि सगळ्यांचे खाडे शून्य होतात.

नवीन गिऱ्हाईक घातलं तरी यादीत दिसत नव्हतं, आणि दुसरंच काही बटण दाबलं की अचानक उगवायचं. कारण मी स्टेटमधल्या अ‍ॅरेवर थेट पुश करत होतो, म्हणजे त्याच यादीच्या शेवटी भर घालत होतो. अ‍ॅरे तोच राहिला तर रिअ‍ॅक्टला बदल कळत नाही. जुनी यादी पसरून नवा अ‍ॅरे बनवा आणि तो सेटरला (स्टेट बदलणाऱ्या फंक्शनला) द्या.

बिलाची रक्कमही मी वेगळ्या यूज-स्टेटमध्ये ठेवली होती. खाडा वाढला की रक्कम बदलायची आठवण मलाच ठेवावी लागे, आणि एका ठिकाणी विसरलोच. काकू कॅलेंडरवर बेरीज कधी लिहीत नाही, खाडेच लिहिते. बेरीज लागेल तेव्हा करते. रिअ‍ॅक्टमध्येही तसंच करा. जे मोजून काढता येतं, ते रेंडरमध्येच मोजा.

मग काकूनं फोन हातात घेतला. "सकाळी दोन, संध्याकाळी दीड. हे एकवीस कुठनं आणलास रे?" इनपुटमधून येणारं सगळं स्ट्रिंग (नुसता मजकूर) असतं, 2 ला 1.5 जोडलं की 21.5 होतं. मी नंबर फंक्शन लावलं, तर तिनं मराठी कीबोर्डवरून '२' टाकला आणि बिलाच्या जागी एनएएन (NaN, म्हणजे 'हा आकडा नाही'). जावास्क्रिप्टच्या नंबर फंक्शनला देवनागरी आकडे कळत नाहीत. इनपुट टेक्स्ट प्रकारचा ठेवा, आलेले ० ते ९ आधी 0 ते 9 मध्ये बदला, मगच नंबर करा. आपल्या भागात कन्नड आकडेही येऊ शकतात, तेही त्याच फंक्शनमध्ये घाला. दाखवताना एमआर-आयएन (mr-IN, भारतातली मराठी) लोकेल दिलं की देवनागरी आकडे आपोआप येतात.

नावाच्या रकान्यात एक अक्षर टाकलं की कीबोर्ड खाली बसतो? कार्डाचं फंक्शन अ‍ॅपच्या फंक्शनच्या पोटात लिहिलं असणार. दर रेंडरला ते नवं फंक्शन, म्हणून रिअ‍ॅक्टसाठी नवा कंपोनंट. जुना इनपुट काढून नवा बसवला जातो. कार्ड बाहेर लिहा. बाकी किरकोळ: ऑनक्लिकमध्ये फंक्शनचं नाव द्या, पुढं कंस लावू नका, नाहीतर ते रेंडर होतानाच चालतं. कंपोनंटचं नाव कॅपिटल अक्षरानं सुरू करा. खाडे शून्य असताना दोन अँडची चिन्हं (&&) लावून अट घातली, तर पडद्यावर एकटा 0 लटकतो. खाडे शून्यापेक्षा जास्त आहेत का, असं तपासा.

शेवटची चूक महागात पडली. रिफ्रेश केलं की यादी गायब. ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमधून वाचणारा एक इफेक्ट (रेंडरनंतर चालणारं फंक्शन), लिहिणारा दुसरा. पहिल्या रेंडरला यादी रिकामी, ती रिकामीच लिहिली गेली. स्ट्रिक्ट मोड (चुका उघड्या पाडायची सोय) डेव्हलपमेंटमध्ये इफेक्ट दोनदा चालवतो, त्यामुळं दुसऱ्यांदा वाचताना रिकामी यादीच हाती आली. स्ट्रिक्ट मोडवर राग काढून तो बंद करू नका, त्यानं चूक उघडी पाडली. वाचायचं काम यूज-स्टेटला सुरुवातीची किंमत देणाऱ्या फंक्शनमध्येच करा.

हे सगळं झाल्यावर काकूनं विचारलं, "आणि फोन बिघडला तर?" लोकल स्टोरेज त्या एका ब्राउझरपुरतंच असतं, हे मी तिला सांगितलं. कॅलेंडर अजून भिंतीवर आहे.