जुनं ड्रग्जचं प्रकरण आणि परदेशप्रवास: तिकिटाआधी हे बघा

‘इतकी वर्षं झाली, आता कोण विचारतंय?’ माझ्याकडे येणारे पक्षकार हमखास असं म्हणतात, आणि मला त्यांची काळजी वाटते. खटल्याची मुदत, म्हणजे गुन्ह्यानंतर किती काळात खटला भरता येतो ती मर्यादा, देशागणिक वेगळी असते. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ती साधारण ५ वर्षं आहे, पण फरार माणसासाठी ती मोजलीच जात नाही. इंग्लंडमध्ये ड्रग्ज बाळगण्याच्या गुन्ह्यालाही मुदत नाही. भारतात ३ वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला ती लागू होत नाही. संयुक्त राष्ट्रांचा १९८८ चा करारही तस्करीसाठी लांब मुदत ठेवायला सांगतो.

म्हणून आधी जिथे प्रकरण घडलं, तिथल्या फौजदारी वकिलाकडून तीन गोष्टी तपासा: गुन्हा नोंदला होता का, आरोपपत्र दाखल झालं का, वॉरंट अजून जिवंत आहे का. आरोपपत्र वेळेत दाखल झालं असेल, तर नंतर वर्षं उलटली म्हणून मुदत संपल्याचा आधार सहसा घेता येत नाही. इंटरपोलकडे आपली नोंद आहे का, हे त्यांच्या फाइल नियंत्रण आयोगाला अर्ज करून विनाशुल्क विचारता येतं. निकालाची प्रमाणित प्रतही काढून ठेवा.

व्हिसा हा वेगळाच विषय. खटल्याची मुदत संपली तरी व्हिसाच्या अर्जातला अटकेचा प्रश्न तसाच राहतो. तिथे खोटं लिहू नका. मात्र अमेरिकेत शिक्षा झालेली नसतानाही, नुसत्या कबुलीवरून प्रवेश नाकारला जाऊ शकतो. त्यामुळे अर्ज भरण्याआधीच इमिग्रेशन वकिलाला गाठा.