चवथीच्या आधी खोलीचं कापड: तयारीची यादी

गणपतीला मुंबईहून माणसं यायची, म्हणून पुढची खोली नव्यानं सजवायची असेल तर कामाला मे महिन्यातच लागा. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मृग बरसायला लागला की कापड धुऊन कडकडीत वाळवायला ऊन मिळत नाही. श्रावणात शिंप्याकडे आधीच ढीग पडलेला असतो.

दुकानात जाण्याआधी खोलीत आधीपासून असलेली नक्षी मोजा. आपल्याकडच्या कोकणातल्या घरात भिंत गिलावा न केलेली असली तर जांभ्या दगडाच्या चिऱ्यांमधले सांधे म्हणजे आडव्या-उभ्या रेघाच. खिडकीचे गज, वर कौलांच्या रांगा, खाली नक्षीची फरशी, हे सगळं मोजायचं. फरशी फुलांची असेल तर खोलीतली मोठी नक्षी तीच. पडद्याला मग बारीक रेघ किंवा सपाट रंग पुरे. लाल कोबा किंवा शहाबादी असेल तर पडद्यावर मोठी फुलं खुशाल आणा.

मग ट्रंक उघडा. घरातल्या जुन्या कापडातच बहुतेक वेळा मुख्य कापड सापडतं: आजीचं इरकल लुगडं, एखादी वाकळ, सोलापुरी चादर. तीन-चार रंग असलेलं एक निवडा आणि बाकी सगळ्या कापडांचे रंग त्याच्यातूनच उचला. जांभ्याची भिंत असेल तर तिचा विटकरी लालही त्यात धरा. त्याच्याशेजारी गेरू, हळद, नीळ छान बसतात. राणी रंग मात्र कायम भांडतो. अजरख म्हणजे ठशांनी छापलेलं कच्छी कापड. पारंपरिक अजरखात निळीचा निळा आणि मंजिष्ठेचा लाल असतो, म्हणून तो चिऱ्याच्या भिंतीला शोभतो. फक्त त्याचा गडद भाग जास्त असू नये. पावसाळ्यात खिडकी अर्धी लोटली की तो काळाच दिसतो.

नक्षीचा आकार ठरवताना मी तीन मापं धरते: पंजाएवढी, रुपयाएवढी, तांदळाएवढी. तिन्हींतलं एकेक घ्या. पंजाएवढी पलंगावर किंवा पडद्यावर, रुपयाएवढी उशांच्या अभ्र्यांवर, तांदळाएवढी बैठकीच्या गादीवर. दारातून पाहिलं की तांदळाएवढी बुट्टी सपाट रंगासारखी दिसते आणि डोळ्याला थोडी उसंत मिळते. मोठ्या फुलांशेजारी मोठीच फुलं ठेवू नका. पहिल्या वर्षी मी पडद्याला पोपट आणि चादरीला मोठी कमळं घेतली. दोन्ही कापडं सुंदर होती, पण खोलीत बसवेना. चादर बदलून निळ्या चौकड्याची घातली तेव्हा पोपट दिसायला लागले. रेघ आणि चौकडा जवळजवळ कशाशीही जमतात, म्हणून एक तरी त्यातलं घ्याच.

आता ती गोष्ट, जी सगळ्यात जास्त चुकते आणि जिच्याकडे कुणीच बघत नाही: पांढरा. एका कापडाची जमीन, म्हणजे नक्षीमागचा भाग, कोऱ्या कापडासारखी पिवळसर आणि दुसऱ्याची नीळ घातल्यासारखी शुभ्र असेल, तर पहिलं मळकं वाटतं, मग रंग कितीही जुळोत. दुकानात दोन्ही ताग्यांची पांढरी जमीन एकमेकीला लावून, ट्यूबच्या उजेडात नव्हे, दारात नेऊन पाहा. शक्य झालं तर वीतभर तुकडे घरी आणून भिंतीला टाचण्या लावा. सकाळी, भर दुपारी आणि रात्रीच्या दिव्यात पाहा. मेमधल्या उन्हात उठून दिसणारा मातकट हिरवा भाद्रपदातल्या ढगाळ उजेडात विझून जातो.

कापड सुती आणि पातळच घ्या. जाड मखमल, अस्तराचे पडदे दमट हवेत ओल धरून ठेवतात आणि बुरशीचे काळे ठिपके धरतात. पडद्याच्या कड्या लोखंडी नकोत. खाऱ्या वाऱ्यानं गंजतात आणि तो डाग धुऊन जात नाही. पितळी किंवा लाकडी लावा.

माप असं काढा. साडेतीन फुटांची खिडकी, पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४४ इंच असेल तर दोन पन्हे लागतात, चुणी पुरेशी पडते. पडद्याची उंची ५४ इंच, वरची-खालची दुमड १० इंच, आटण्यासाठी ३ इंच, म्हणजे ६७. नक्षी दर १२ इंचांनी पुन्हा येत असेल तर पुढचा पूर्ण पट धरायचा, ७२. दोन पन्ह्यांचे १४४ इंच, साधारण ३.६६ मीटर; तागा मध्येच कापलेला असतो म्हणून चार मीटर घ्या. खणाचा पन्हा याहून बराच अरुंद असतो. गणपतीच्या मागे खण लावायचा असेल तर आधी जोड कुठे येईल ते पाहा, नाहीतर जोड मूर्तीच्या बरोबर मागे येते.

शिवायला देण्याआधी ओल्या पांढऱ्या रुमालानं कोपरा घासा. रंग लागला तर ते कापड वेगळं धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. सगळं कापड अखंडच भिजवून वाळवा, मग कापू द्या. पोपट-मोर असलेल्या कापडावर वरची बाजू कोणती ते खडूनं लिहून द्या. शिंप्याला घाईत ते कळतंच असं नाही.

तयार अभ्रे आणि पडदे प्लास्टिकच्या पिशवीत भरू नका. जुन्या धोतरात गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात ठेवा आणि अधूनमधून उघडीप मिळाली की ओटीवर घटकाभर पसरा. चवथीच्या चार दिवस आधी लावा, त्याआधी नको. प्रत्येक कापडाचा वीतभर तुकडा मात्र बाजूला काढून ठेवा, पुढच्या मेमध्ये बाजारात जाताना पिशवीत तोच लागतो.