फिरणाऱ्या वस्तूंची गणितं ऊर्जेच्या हिशोबाने कशी सोडवायची

उतारावरून गोळा घरंगळत खाली येतो, तळाशी त्याचा वेग किती? असं गणित दिसलं की बरेच जण लगेच बलांची आकृती काढायला घेतात, मग घर्षण किती, टॉर्क (बलाचा फिरवणारा परिणाम) किती, त्वरण किती असं करत दीड पान भरतं आणि मधेच कुठेतरी एक मायनसचं चिन्ह सुटतं की सगळी मेहनत पाण्यात. माझं सरळ मत आहे, प्रश्नात "वेग किती" किंवा "किती उंच जाईल" एवढंच विचारलं असेल तर बलांच्या वाटेला जायच्या आधी ऊर्जेचा हिशोब मांडून बघा, बहुतेक वेळा चार-पाच ओळींत काम होतं.

पहिलं काम पेन्सिलचं. दोन चित्रं काढायची, एक सुरुवातीचं आणि एक शेवटचं, मधला प्रवास काढायचाच नाही कारण आपल्याला त्याची गरज नाहीये. प्रत्येक चित्राशेजारी तीन गोष्टी लिहा: वस्तूचा गुरुत्वमध्य किती उंचीवर आहे, तो सरकतोय का, आणि वस्तू स्वतःभोवती फिरतेय का. तिसरा प्रश्न लोक विसरतात आणि अर्धी गणितं तिथेच चुकतात. एमजीएच (उंचीची म्हणजे स्थितिज ऊर्जा: वस्तुमान × गुरुत्वीय त्वरण × उंची) बरोबर ½ एम व्ही² (सरकण्याची ऊर्जा, व्ही म्हणजे वेग) लिहून मोकळे होतात, फिरण्यात गेलेली ऊर्जा हिशोबात येतच नाही.

दुसरं, ऊर्जा कुठे गळतेय का ते बघा. इथे घर्षणाचा गोंधळ होतो. घर्षण आहे म्हणजे ऊर्जा वाया गेली असंच नसतं. चिकटपट्टीचं एक रिकामं रीळ घ्या, त्याच्या कडेवर पेनाने ठळक ठिपका काढा आणि टेबलावर अगदी हळू ढकलत त्या ठिपक्याकडे बघत रहा. ठिपका वरून पुढे येतो, खाली उतरतो, टेबलाला टेकतो आणि तिथूनच परत वर उचलला जातो, टेबलावर फरपटत नाही. म्हणजे टेकलेला बिंदू त्या क्षणी थांबलेला असतो, आणि जो बिंदू सरकतच नाही त्याच्यावरच्या घर्षणाचं कार्य (बल × सरकलेलं अंतर) शून्य असतं. म्हणून न घसरता घरंगळणाऱ्या वस्तूसाठी घर्षण असूनही ऊर्जा अक्षय्य धरता येते, उलट घर्षण नसतं तर ती फिरायलाच लागली नसती. घसरत असेल तर मात्र उष्णता तयार होते आणि हा हिशोब जसाच्या तसा चालत नाही.

तिसरं, मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे आय, वस्तूला फिरवणं किती जड जातं ते सांगणारी राशी. पाच-सहा तरी तोंडपाठच हवेत (एम वस्तुमान, आर त्रिज्या, एल लांबी): रिंगचा एमआर², तबकडी किंवा भरीव सिलिंडरचा ½ एमआर², भरीव गोळ्याचा ⅖ एमआर², पोकळ गोळ्याचा ⅔ एमआर², दांडीचा मध्यातून १/१२ एमएल² आणि टोकातून ⅓ एमएल². कुठल्या अक्षाभोवती ते सोबत लिहायची सवय लावा, दांडीच्या गणितात ते नडतं, खाली सांगतो.

चौथं, वेग आणि कोनीय वेग (ओमेगा, म्हणजे वस्तू स्वतःभोवती किती वेगाने फिरते) यांची जोडणी, व्ही = आर × ओमेगा. समीकरणात दोन अज्ञात दिसले आणि अडकलात की समजायचं ही ओळ लिहायची राहिली. ती फक्त न घसरणाऱ्या वस्तूला लागू आहे (आणि कप्पीवरून न घसरणाऱ्या दोरीला). ओमेगा रेडियन प्रति सेकंदातच हवा, मिनिटाला ३०० फेरे दिले असतील तर ते ३१.४ रेडियन प्रति सेकंद होतात, ३०० तसेच टाकले की उत्तर गेलं.

आता गणित. भरीव गोळा ६३ सेंटिमीटर उंचीवरून स्थिर अवस्थेतून सुटला, न घसरता घरंगळत खाली आला. जी (गुरुत्वीय त्वरण) १० धरू. फिरण्याची ऊर्जा ½ आय ओमेगा² असते, म्हणून:

एमजीएच = ½ एम व्ही² + ½ आय ओमेगा²

आय च्या जागी ⅖ एमआर² आणि ओमेगाच्या जागी व्ही/आर टाका. आर कटतो, एमही सगळीकडून कटतो, उरतं जीएच = ½ व्ही² + ⅕ व्ही², म्हणजे जीएच = ७/१० व्ही². आकडे टाकले की व्ही² = ९, वेग ३ मीटर प्रति सेकंद. घर्षण नसतं आणि गोळा नुसता घसरत आला असता तर वेग ३.५५ आला असता. फरक गेला कुठे? फिरण्यात.

वस्तुमान आणि त्रिज्या दोन्ही उडून गेले हे मला अजूनही फार आवडतं. म्हणजे छोटी गोटी आणि मोठा भरीव गोळा एकाच उंचीवरून सोडले तर खाली वेग सारखाच, ठरवतं ते फक्त वस्तूचं वजन मध्याजवळ आहे की कडेला. याच ६३ सेंटिमीटरवरून तबकडीचा वेग येतो २.९ आणि रिंगचा २.५१, कारण रिंगचं सगळं वजन कडेला असतं म्हणून ऊर्जेतला मोठा वाटा फिरण्यात जातो. गोटी आणि रिंग तिरक्या फळीवरून एकदम सोडून बघा, गोटीच आधी पोचते.

कप्पीचं गणितही याच चालीचं. ४ किलोची तबकडीसारखी कप्पी, तिच्याभोवती हलकी दोरी गुंडाळलीय, दोरीला ३ किलोचं वजन, ते स्थिर अवस्थेतून सुटून ३ मीटर खाली आलं, त्याचा वेग किती? वजनाने गमावलेली स्थितिज ऊर्जा ९० ज्यूल, ती वजनाच्या ½ × ३ × व्ही² आणि कप्पीच्या ¼ × ४ × व्ही² मधे वाटली गेली, म्हणजे ९० = २.५ व्ही², वेग ६ मीटर प्रति सेकंद. दोरीतला ताण लागलाच नाही, कारण तो वजनाकडून जेवढी ऊर्जा काढून घेतो तेवढीच कप्पीला देतो. पूर्ण सिस्टीम एकत्र धरण्याचा हाच फायदा आहे.

दांडीच्या गणितावर मात्र थोडा वेळ घालवा. १.२ मीटर लांबीची एकसारखी दांडी, एक टोक बिजागरीला, आडवी धरून सोडली, बिजागरीत घर्षण नाही. खाली सरळ उभी लोंबती होते त्या क्षणी मोकळ्या टोकाचा वेग किती? इथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे उंची एल धरणं, टोक एल एवढं खाली जातं खरं पण गुरुत्वमध्य फक्त एल/२ खाली जातो आणि हिशोब त्याचाच असतो. दुसरी जास्त लपलेली आहे: टोकाभोवतीचा ⅓ एमएल² घेऊन ½ आय ओमेगा² लिहितात आणि वर गुरुत्वमध्याचा ½ एम व्ही² पण जोडतात. ती ऊर्जा दोनदा मोजली गेली. एक बिंदू पक्का धरलेला असेल तर त्या बिंदूभोवतीचा आय घ्या आणि बास, त्यात सगळं आलं. नाहीतर मध्यातला १/१२ एमएल² घ्या आणि मग सरकण्याची ऊर्जा वेगळी जोडा. पटत नसेल तर एकदा दोन्ही करून बघा, दोन्हीकडे ⅙ एमएल² ओमेगा² च येतं.

एमजी × एल/२ = ⅙ एमएल² ओमेगा², म्हणून ओमेगा² = ३जी/एल = २५, ओमेगा ५ रेडियन प्रति सेकंद, टोकाचा वेग ६ मीटर प्रति सेकंद. आता त्याच १.२ मीटरवरून दगड सोडला असता तर वेग ४.९ च आला असता! टोक मोकळ्या पडणाऱ्या दगडापेक्षा जोरात, मग ऊर्जा मोडली का? नाही, बिजागरीजवळचा भाग जेमतेम हलतोय, त्याच्या वाट्याची ऊर्जा टोकाकडे गेली.

ही पद्धत कुठे वापरायची नाही तेही लक्षात ठेवा. गोळी येऊन दांडीत रुतली, फिरत्या तबकडीवर दुसरी तबकडी पडून चिकटली, असं काही असेल तर त्या टकरीच्या क्षणी ऊर्जा टिकत नाही, तिथे कोनीय संवेग (फिरण्याचा संवेग, फिरत्या वस्तूसाठी आय × ओमेगा) अक्षय्य धरायचा आणि टक्कर संपल्यावर पुढच्या भागाला ऊर्जा लावायची. वेळ किंवा घर्षणबल विचारलं असेल तरी नुसत्या ऊर्जेने भागत नाही. पण उतार एकसारखा असेल तर शेवटचा वेग ऊर्जेने काढून उताराच्या लांबीच्या दुपटीला त्या वेगाने भागलं की वेळही मिळते, सुरुवात स्थिर असेल तर.

हे सगळं नीट बसलंय का ते तपासायला माझं आवडतं गणित. एका मोठ्या वाडग्याची डावी बाजू खरखरीत आहे, उजवी पूर्ण गुळगुळीत, घर्षण शून्य. तोच भरीव गोळा डावीकडून ६३ सेंटिमीटरवरून न घसरता घरंगळत आला, उजवीकडे किती उंच चढेल? पटकन सगळे ६३ म्हणतात, ऊर्जा कुठे जातच नाही म्हणून. पण उजवीकडे घर्षण नाही म्हणजे त्याचं फिरणं थांबवणारं काहीच नाही, तो वर चढताना तसाच गरगरत राहतो आणि फिरण्यात असलेली २/७ ऊर्जा (वरच्या ७/१० पैकी ⅕) त्याच्यापाशीच अडकते. उंचीत बदलते ती फक्त सरकण्याची ५/७. म्हणून गोळा ४५ सेंटिमीटरवर क्षणभर थांबतो, तिथेही तेवढ्याच वेगाने गरगरत.