युद्धामागे राजकारण असल्याचा आरोप कसा पारखावा

सत्ताधाऱ्यांनी युद्ध किंवा हल्ल्याचा निर्णय घेतला की तो राजकीय लाभासाठी घेतल्याचा आरोप अमेरिकेत दोन्ही पक्षांनी आलटून पालटून केला आहे. असा आरोप तपासताना प्रथम त्यात नेमके काय म्हटले आहे ते पाहावे. कारवाईची गरजच नव्हती असे म्हणणे आहे, की गरज होती पण वेळ सोयीची साधली असे? वक्ते बहुधा वेळेविषयीचा संशय मांडतात आणि गरजच नव्हती असे सिद्ध झाल्याच्या थाटात बोलतात.

त्यानंतर सर्व तारखा एकत्र मांडाव्यात, केवळ आरोपाला सोयीच्या तेवढ्याच नव्हेत. तत्कालीन डेमोक्रॅटिक अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी १७ ऑगस्ट १९९८ रोजी मोनिका ल्युइन्स्की हिच्याशी असलेल्या संबंधांच्या प्रकरणात ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरावा का हे ठरवणाऱ्या ज्युरीपुढे) साक्ष दिली आणि २० ऑगस्टला अफगाणिस्तान व सुदानवर क्षेपणास्त्रे डागली गेली. एवढेच वाचले तर संशय येणारच. परंतु ७ ऑगस्टला नैरोबी व दार-ए-सलाम येथील अमेरिकी दूतावासांवर ओसामा बिन लादेनच्या अल-कायदा संघटनेने बॉम्बहल्ले केले होते आणि २० तारखेला दहशतवादी म्होरके अफगाणिस्तानातील खोस्तजवळ जमणार असल्याची गुप्तचरांची खबर होती. म्हणजे तारीख ठरण्यास साक्षीखेरीज दुसरे ठोस कारण होते. पुढे ११ सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या ९/११ आयोगाला या निर्णयात देशांतर्गत राजकारण शिरल्याचा पुरावा आढळला नाही. उलट हे हल्ले फसणे, हा आरोप आणि हल्ल्यात लक्ष्य केलेल्या सुदानमधील कारखान्याविषयीचा कच्चा पुरावा यांचा एकत्रित परिणाम लादेनविरुद्धच्या पुढील निर्णयांवर झाला असावा, असे आयोगाने नोंदवले. आरोपाची किंमत अशीही मोजावी लागते, हे आरोप करणाऱ्यांच्या क्वचितच ध्यानात येते.

वाट पाहता आली असती का, हेही विचारावे. रिपब्लिकन अध्यक्ष धाकटे बुश यांच्या काळात इराकविरुद्ध लष्करी बळ वापरण्यास परवानगी देणारा ठराव ऑक्टोबर २००२ मध्ये, म्हणजे ५ नोव्हेंबरच्या मध्यावधी (अध्यक्षांच्या कार्यकाळाच्या मध्यात होणाऱ्या) निवडणुकीच्या तोंडावर, काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, मंजूर झाला. थोरल्या बुश यांच्या काळात मात्र आखाती युद्धाचे मतदान १९९० ची निवडणूक उलटून गेल्यावर, जानेवारी १९९१ मध्ये झाले होते. त्यामुळे २००२ च्या वेळेविषयीचा संशय मला अधिक सबळ वाटतो. मात्र इराकमध्ये संहारक अस्त्रांचे साठे सापडले नाहीत, यावरून ते असल्याचा सरकारचा दावा खोटा ठरतो. हेतू निवडणुकीचा होता, हे त्याने सिद्ध होत नाही.

शेवटी आरोप करणाऱ्याचे वर्तन पाहावे. डिसेंबर १९९८ मध्ये क्लिंटन यांच्यावरील महाभियोगाच्या नियोजित चर्चेच्या आदल्या दिवशी इराकवर हल्ले सुरू झाले, तेव्हा सिनेटमधील रिपब्लिकन नेते ट्रेंट लॉट यांनी वेळेवर उघड शंका घेतली. २००२ च्या ठरावाला मात्र त्यांचे मत मिळाले. डेमोक्रॅटिक नेते टॉम डॅशल यांचेही तसेच. सिनेटला जनतेच्या सुरक्षेशी देणेघेणे नाही, अशा आशयाचे विधान धाकट्या बुश यांनी केल्यावर डॅशल २५ सप्टेंबर २००२ रोजी सभागृहात संतापून बोलले, दुसऱ्या महायुद्धात हात गमावलेल्या सिनेटर डॅनियल इनोये यांचा दाखला दिला आणि युद्धाच्या प्रश्नाचे राजकारण होत असल्याचा आरोप केला. पुढच्याच महिन्यात त्यांनी ठरावाच्या बाजूने मत दिले. इनोये यांनी विरोधात दिले.